रांगेतली बाई

मुलुंडमध्ये, नव्हे अख्ख्या पूर्व उपनगरात, रोज सकाळी साडेसहाच्या ठोक्याला देवीच्या कपाळावरचं कुंकू पुसणारा एकच इसम आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. हे वाक्य मामांच्या नजरेला पडलं तर ते माझ्याशी आठ दिवस अबोला धरतील. कुंकू पुसण्याबद्दल लिहिलं म्हणून नव्हे, त्याचा त्यांना अभिमानच आहे. ‘देवी’ लिहिलं म्हणून. तेव्हा सुरुवातीलाच दुरुस्ती करून टाकतो. देवी नाही, बाई. आमच्या बागेतली सिमेंटची बाई. कडेवर हंडा घेतलेली, एका पायावर भार टाकून उभी असलेली, दुसऱ्या हाताने पदराचं टोक धरून समोर कुठेतरी बघणारी. तिच्या पायाशी येणारे जाणारे फुलं ठेवतात, उदबत्ती लावतात, कपाळाला कुंकू लावतात. मामा खिशातून साबणाची जुनी डबी काढतात, तिच्यातलं ओलं फडकं काढतात आणि तिचं तोंड स्वच्छ पुसतात. वर आजूबाजूच्या मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, “देवीला नळावर नंबर लावावा लागत नाही.”

कोणी म्हणेल, माणूस नास्तिक असेल. छे हो. गणपतीला ते न चुकता गावी जातात, सोमवारी जेवत नाहीत आणि घरातून निघताना उंबऱ्याला हात लावल्याशिवाय पाऊल बाहेर टाकत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की देव देवाच्या जागी आणि बाई बाईच्या जागी. शहरात पुढाऱ्यांचे पुतळे आहेत, घोड्यावरचे आहेत, खुर्चीवरचे आहेत, बोट दाखवणारे तर चिक्कार आहेत. पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचा पुतळा फक्त आपल्याकडे आहे, आणि तीही देवी झाली तर मग रांगेत उभं कोण राहिलं होतं, असा त्यांचा बिनतोड सवाल असतो. ह्या सवालाला उत्तर देण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

बाग म्हणायचं तेही गेटवरच्या पाटीचा मान राखून. एका टोकाला कोणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस रुमाल काढतो, एवढीच ती. सहा बाक, एक घसरगुंडी, दोन गुलमोहर आणि मधोमध ही बाई. पण मामांच्या तोंडून त्या बागेचा इतिहास ऐकायला बसलात तर दुपारचं जेवण गेलंच म्हणून समजा. फार पूर्वी तिथे मोकळी जागा होती. जागेच्या कोपऱ्यात एक नळ, आणि आजूबाजूच्या तीन बैठ्या चाळींना मिळून तेवढाच. पाणी पहाटे यायचं, बायका त्याच्याही आधी हंडे-कळशांच्या रांगा लावायच्या. पुढे घरोघरी नळ आले, चाळी पडून इमारती उभ्या राहिल्या, मोकळ्या जागेची बाग झाली. बागेची भिंत बांधणारा गवंडी त्याच चाळींपैकी एकीतला होता. भिंत झाल्यावर सिमेंट उरलं. दुसरा कोणी असता तर त्याने घरची मोरी नीट करून घेतली असती. ह्या बाबाने, कोणी सांगितलेलं नसताना, जिथे नळ होता बरोब्बर त्या जागी ही बाई उभी केली. चाळीतल्या बायका रोज येऊन त्याला बजावायच्या, चेहरा माझा कर. शेवटी वैतागून त्याने कोणाशीच जुळणार नाही असा चेहरा केला आणि गावी निघून गेला. त्या चाळीतल्या निदान पाच म्हाताऱ्या आपल्या नातवंडांना सांगून गेल्या, की बागेतली ती बाई म्हणजे मीच. गेटवरच्या दगडात उद्‌घाटनाला आलेल्या अकरा पाहुण्यांची नावं कोरलेली आहेत. गवंड्याचं नाव नाही आणि बाईचंही नाही, हे मामा बारावं नाव वाचल्यासारखं सांगतात.

माझं लग्नसुद्धा ह्या बाईनेच जमवलं म्हणा ना. मुलगी बघायला गेलो तेव्हा चहा येईपर्यंत पाय मोकळे करू म्हणून मामा मला खाली घेऊन गेले, आणि चहा वर गार झाला तरी आम्ही बागेतच. पुतळ्यासमोर मला उभं करून ते बाजूला झाले. एरवी सगळ्यांसारखी मुंबईची मराठी बोलणारा हा माणूस मनातलं काही विचारायचं असलं की थेट मालवणीत उतरतो. म्हणाले, “तुका काय दिसता?” मी घाबरलेला. आमच्या घाटावरच्या माणसाला मालवणी म्हणजे आधीच अर्धी परीक्षा. पुतळ्याकडे नीट बघितलं आणि जे वाटलं ते बोलून गेलो, की बाई दमलेली दिसतेय. मामांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की आता गळ्यात हारच घालतात. वर येऊन त्यांनी बहिणीला एवढंच सांगितलं, “झील बरो आसा. नजर आसा तेका.” झील म्हणजे मुलगा, हे मला मागाहून कळलं. माझा पगार, गोत्र, घर हे सगळं नंतर विचारलं गेलं, तेही वरवर. माझ्या आधीच्या दोन स्थळांनी त्या पुतळ्याला हात जोडले होते, असं पुढे बायकोने सांगितलं.

घरातलं एकही साल मामांना साल म्हणून आठवत नाही. बाईच्या रंगावरून आठवतं. बागेच्या रंगकामाची वेळ आली की पेंटर उरलेला डबा बाईवर संपवतात, त्यामुळे ती आजवर चंदेरी झाली, विटकरी झाली, आणि एकदा बाकांबरोबर तिलाही पिस्ता रंग फासला तेव्हा लांबून बाकालाच बाई फुटल्यासारखी दिसायची. आमचं लग्न विटकरीत झालं. माझा मुलगा पिस्त्यात जन्मला. मामा रिटायर झाले त्या वर्षी त्यांनी महिनाभर खपून, ब्रश आणि पॉलिशपेपर घेऊन, ते सगळे थर खरवडून काढले आणि खालचं मूळ सिमेंट उघडं केलं. पोटरीची शीर दिसेपर्यंत. गवंड्याने शीरसुद्धा काढली होती, हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी मामांनी घरी पुरणपोळी करायला लावली.

बरं, नुसतं पुसून गप्प बसतील तर ते मामा कसले. दर वर्षी वॉर्ड ऑफिसात त्यांचा एक अर्ज जातो. विषय: उद्यानातील बाई देवी नसल्याबाबत. खाली बागेचा सविस्तर इतिहास, सही, आणि पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय माणूस खिडकीवरून हलत नाही. असे एकोणीस अर्ज झाले. एकदा त्यांनी स्वखुशीने पाटी रंगवून आणली, ‘ही देवी नाही. कृपया येथे नारळ फोडू नये.’ दुसऱ्या शुक्रवारी त्या पाटीलाच कोणीतरी हळद-कुंकू वाहून पुढे नारळ फोडलेला. मग फोनमधल्या नकाशावर कोणा भाविकाने त्या जागेला ‘हंडेश्वरी माता मंदिर’ असं नाव दिलं, तेव्हा तर वाट लागली. रिक्षावाल्याने “हंडेश्वरीला सोडू ना काका?” विचारलं आणि मामा भर रस्त्यात उतरून उन्हातून चालत घरी आले. माझ्या बायकोला समोर बसवून त्यांनी नकाशावर अभिप्राय लिहून घेतला, ‘देवी नाही. बाई आहे. बाक चांगले आहेत.’ आणि तारा एकच द्यायला लावला.

ह्या सगळ्या युद्धात शत्रुपक्षाचं सेनापतिपद सुमनताईंकडे होतं. सुमनताई म्हणजे आधीच्या चाळीतली सून, आता समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. मामांपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, पण बोलायला दोन पावलं पुढे. त्या सहाला फिरायला यायच्या, तीन फेऱ्या मारायच्या, पुतळ्याला कुंकू लावून नमस्कार करायच्या आणि बाकावर बसून राहायच्या. साडेसहाला मामा यायचे, डबी उघडायचे, कुंकू पुसायचे. पंधरा वर्षं हे असं चाललं होतं. मधे एकदा सुमनताईंना चिकुनगुनिया झाला आणि त्या तीन आठवडे खाली आल्या नाहीत, तर मामा रोज त्या कोऱ्या कपाळासमोर फडकं हातात धरून उभे, आणि संध्याकाळी माझ्या बायकोला फोन करून विचारणार, “ती बाई बरी आसा ना गे? जरा बघून ये.” विचारलं की म्हणणार, शत्रूची खबर ठेवावी लागते.

तर मागच्या वर्षी दिवाळीनंतर गेटवर कागद लागला. बागेचं नूतनीकरण. नवे बाक, नवी घसरगुंडी, नवे दिवे. मामा खूश. मग नकाशाचा बोर्ड लागला, आणि त्या नकाशात बाईच्या जागी एक मोठं लाल बदाम होतं. सेल्फी पॉइंट. बाई कुठेच नव्हती.

कामावरची इंजिनिअर मुलगी चांगली होती हो, उगाच कशाला खोटं बोलू. तिने मामांना बाकावर बसवून, फाईल उघडून समजावलं. म्हणाली, “काका, पुतळा कोणा थोर माणसाचा असता तर यादीत असता. यादीत नाही. देवाचा असता तर मी हातच लावू शकले नसते. फाईल वर जाते, आणि वर गेलेली फाईल खाली आलेली मी तरी पाहिली नाही. पण हा दोन्ही नाही. म्हणजे कागदावर हा नुसता राबीट आहे, पाडकामाचा कचरा.” मामा म्हणाले, तिचा इतिहास आहे, रांग होती, नळ होता. मुलीने मनापासून ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दहा-बारा लोक तरी म्हणतात की ही देवी आहे. तसं मी लिहूही शकते. पण काका, फाईलमध्ये एकोणीस अर्ज आहेत की ही देवी नाही. सगळे तुमचे.” मंगळवारी सकाळी माणसं येऊन पुतळा काढणार होती. तोवर ज्याने एकोणीस वेळा नाही लिहिलं त्याने एकदा हो लिहून दिलं, तर ती थांबायला तयार होती.

ते चार दिवस मामा जेवले का, हे मला विचारू नका. बागेसाठी माणूस एवढा कासावीस होतो, ह्याचं मला नवल वाटायचं. तेव्हा बायकोने सांगितलं, की मामांची आई त्या नळावर अठरा वर्षं रांगेत उभी राहिली. वडील पहिल्या पाळीला गिरणीत, घरात पाच पोरं, मामा सगळ्यांत मोठे. हंडे वाहून वाहून तिची कंबर कायमची वाकडी झाली. तिचा एक फोटोही घरात नाही, काढलाच नव्हता कोणी. मला हे वीस वर्षांत मामांनी कधी सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि इतकी वर्षं मी त्यांची चेष्टा करत आलो ह्याची लाज वाटली.

सोमवारी सुमनताई मामांच्या घरी आल्या. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “ओ मामा, उद्या आम्ही बायका साडी नेसवतो तिला, आरती म्हणतो. तुम्ही फक्त ते लिहून द्या आणि घरी गप बसा. जमेल ना?” मामा म्हणाले, “आणि मग? परवा छप्पर, तेरवा टाइल्स, पुढच्या वर्षी चांदीचे डोळे. ती राहील, पण बाई जाईल.” सुमनताई म्हणाल्या, “आणि न लिहिलं तर दोन्ही जातील.”

मंगळवारी सकाळी बागेत हीऽ गर्दी. बाईला हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, हंड्यात नारळ. घण घेतलेली दोन माणसं लांब उभी. इंजिनिअर मुलगी फाईल घेऊन थेट मामांकडे आली. “काका, एकदाच सांगा. ही देवी आहे की नाही?” मामांचा हात सवयीने खिशातल्या डबीकडे गेलेला मी पाहिला, आणि म्हटलं संपलं, हा माणूस आता खरं बोलणार. मामांनी हात बाहेर काढला. रिकामा. बाईकडे न बघता, मान खाली घालून म्हणाले, “देवी आसा.” मुलीने पेन पुढे केलं, त्यांनी सही केली. विसावा अर्ज. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी शंख फुंकला, पेढे वाटले. मामांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

फाईल वर गेली. बदाम गेटजवळ बसवलं, पोरं तिथे फोटो काढू लागली, बाई जिथल्या तिथे राहिली. आणि मामांनी बागेत जाणं बंद केलं. साडेसहाला उठून गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, तोंड बागेच्या विरुद्ध बाजूला. मी म्हणालो, “मामा, वाचवलीत की तुम्ही तिला.” तर म्हणाले, “वाचवलंय खरा. पण आता ती माझ्या ओळखीची नाय रे.” बायको रोज नवीन काहीतरी खायला करून न्यायची आणि डबा तसाच परत आणायची.

नवव्या दिवशी सकाळी सुमनताई पुन्हा आल्या. मी तिथेच होतो. त्या तरातरा आत शिरल्या आणि गॅलरीत मामांच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. “काय हो, रिटायर झालात काय दुसऱ्यांदा? तिकडे कुंकवाचा थर चढलाय, नाक-डोळे दिसेनात तिचे. चला उठा.”

मामा म्हणाले, “देवी आहे. असंच असतं देवीचं.”

“कसली देवी डोंबलाची,” सुमनताई म्हणाल्या. “मला काय कळत नाही होय ती बाई आहे? मी स्वतः दोन वर्षं उभी होते त्या रांगेत. नवी नवरी. पहिल्या खेपेला पोटुशी होते, आठवा चालू होता, उभं राहवायचं नाही. तुमची आई पुढे असायची. रोज मला तिच्या जागेवर घ्यायची आणि स्वतः मागे माझ्या जागेवर जाऊन उभी राहायची. रोज, मामा. तिचं पाणी कितीदा तरी हुकलं माझ्यापायी. मी काय सिमेंटच्या पाया पडते असं वाटतं तुम्हाला?”

मामा म्हणाले, “पंधरा वर्षांत बोलली नाहीस कधी.”

“तुम्ही विचारलंत कधी? आलात की फडकं मारायला सुरुवात. मी म्हटलं, पुसतात ते बरंच आहे, चेहरा तरी दिसतो. पुसायला तुम्ही होतात म्हणून तर मी लावत होते. तुम्ही थांबलात तर थरावर थर चढून खरंच देवी होईल ना ती.”

मामा उठले. आम्ही तिघे खाली गेलो. बाईचा चेहरा खरंच बुजला होता, लाल-पिवळा गोळा नुसता. मामांनी डबी उघडली, नळावर फडकं ओलं करून आणलं आणि पुसायला लागले. कपाळ, नाक, डोळ्यांच्या कडा, हनुवटी. पाऊण तास पुसत होते. सुमनताई शेजारी कुंकवाचं तबक धरून उभ्या होत्या. हळूहळू ती दमलेली बाई पुन्हा दिसायला लागली. मामा मागे सरकले आणि तिच्याकडे बघत आम्हाला कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, “माझी आय अठरा वर्सां हय उभी होती. कोण कधी तिच्या पाया पडलो नाय. मी पण नाय.”

मग गुडघ्यावर हात ठेवून ते सावकाश खाली वाकले. त्या सिमेंटच्या पावलांवर त्यांनी डोकं टेकलं आणि बराच वेळ वर उचललं नाही. सुमनताईंनी तबक एका हातात घेतलं, दुसऱ्या हाताने त्यांना धरून उठवलं आणि चिमटीत कुंकू घेऊन पुढे झाल्या. मामांनी त्यांचा हात धरला.

“जरा थांब गो,” ते म्हणाले. “वाळू दे. मग लाव.”